मी, दोन दिवसांसाठी केलेली डिरेक्टरी

मी एक डिरेक्टरी बोलतेय. म्हणजे फायली ठेवायचा कप्पा. इस्पितळाच्या तळघरात मेनफ्रेम नावाचं कपाटाएवढं यंत्र आहे, त्याच्या तात्पुरत्या जागेत माझा जन्म झाला. नव्या सॉफ्टवेअरची चाचणी होती, तेवढ्या दोन दिवसांसाठी.

मला घडवणारी बाई नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. तिने सेटिंगमध्ये लिहिलं : कुठे ठेवायचं याचा पत्ता ज्या फाईलला नाही, ती इथे. मग एक चाचणीची फाईल पाठवली. तिच्यात एकच ओळ होती, 'पोचलं का?'

चाचणी संपली. तिने माझ्या जागी कायमच्या कप्प्याचं नाव टाइप केलं, स्पेलिंग तीनदा तपासलं, आणि पाळणाघरातून फोन आला : बाळाला ताप आहे. ती पर्स उचलून धावली. सेव्ह करायचं राहिलं.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. पत्त्याचा रकाना कुणी भरतच नाही. प्रसूती विभागाच्या सिस्टर तो कोरा सोडून एंटर दाबत. त्यामुळे नवजात बाळांच्या नोंदी माझ्याकडे येऊ लागल्या. वजन, रक्तगट, कुणाला कावीळ, कुणाला कसली अ‍ॅलर्जी. एक्केचाळीस बाळं! मी धास्तावले. तात्पुरत्या जागेत दर शुक्रवारी चार वाजता सफाईचा प्रोग्रॅम येतो आणि पंधरा दिवसांहून जुनं सगळं पुसून नेतो.

बाई रोज विचारायची, "काका, मी ते सेव्ह केलं होतं ना?"

यंत्र सांभाळणारे ऑपरेटर काका म्हणायचे, "अगं, कुलूप लावून दहादा ओढून बघणाऱ्यातली तू. केलंच असशील."

ती विचारायची, पण बघायची नाही. बघितलं आणि खरंच चुकलेलं निघालं तर?

तिसऱ्या शुक्रवारी सव्वातीनला तिने अखेर बघितलं.

"काका!"

"काय गं? बाळ बरंय ना?"

"माझं बरंय. ही एक्केचाळीस... चार वाजता यातली पहिली नऊ जातील."

काकांनी चहा बाजूला ठेवला. "बॅकअप?"

"तात्पुरत्या जागेचा कोण घेतं?"

"मग रडतेस कशाला? हलव. मी मोजतो."

तिने हलवल्या, काकांनी मोजल्या. एक्केचाळीस. तिने परत मोजायला लावल्या, तेव्हा ते म्हणाले, "मुलं माझी नाहीत, पण डोळे माझेच आहेत, बाई!" तरी मोजल्या. मग सेटिंग बदललं. सेव्हचं बटण तिने दाबलं आणि पडद्यावरची ओळ काकांनी मोठ्याने वाचली.

आता चारला दोन मिनिटं आहेत. मी रिकामी झालेय, फक्त ती चाचणीची फाईल राहिलीय. सफाई येईल, तीही जाईल. त्याचं काही नाही. दोन दिवसांची मी, अडीच आठवडे जगले. एवढंच सांगते, तो पत्त्याचा रकाना कोरा सोडू नका. आणि शंका आली तर विचारत बसू नका, बघा.

पोचलं, बाई. सगळं पोचलं.