मल्लम्माच्या जागेवरचे तीन आमदार

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी आमच्या चन्नबसप्पा नगरात पहिलं भूमिपूजन झालं. लातूरच्या वेशीबाहेरची ही वस्ती. शहरवाले आम्हाला खेड्यात धरत आणि खेड्यातले शहरात. मतं मात्र सगळ्यांनाच हवी असत. मल्लम्माचा नवरा बसलिंगप्पा भोळा माणूस. त्यानं रस्त्यालगतची आपली जागा पाण्याच्या टाकीसाठी फुकट देऊन टाकली. कागदावर एवढंच लिहून घेतलं, की पाच वर्षांत काम सुरू झालं नाही तर जागा परत.

आता नारळ फोडून कुदळ मारली, की कचेरीच्या लेखी काम सुरू होतं आणि पाच वर्षांची मुदत पुन्हा नव्यानं लागते. त्यामुळे मुदत संपत आली की त्या त्या वेळचा आमदार गळ्यात हार घालून घ्यायला हजर. असे तीन आमदार झाले, त्यांच्या नावांच्या तीन कोनशिला बसल्या. टाकीची वीट काही बसली नाही. आमच्या मतदारसंघाचा राजकीय इतिहास विचाराल तर तो एवढाच.

चौथी खेप आली ती ऐन दुष्काळात. बसलिंगप्पा वारला होता आणि नवऱ्यानं टाकलेली लेक सिंधू माहेरी येऊन राहिली होती. त्या जागेवर तिला भाकरीची खानावळ काढून द्यावी, एवढंच म्हातारीच्या मनात होतं. मुदत संपायला दोन दिवस उरले आणि आमदार भुजंगराव मांडव घालून, नारळ घेऊन आले. आम्ही रिकाम्या घागरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. आज लाज वाटते, पण वाजवल्या.

मल्लम्मा पुढं झाली आणि पदरानं एकेक कोनशिला पुसू लागली.

"साहेब, ह्ये पहिले. नारळ फोडला, फुडल्या इलेक्शनला पडले. ह्ये दुसरे, त्ये बी पडले. तिसऱ्याचं तर डिपॉझिट गेलं. तुम्ही फोडा, माझं काय न्हाई."

भुजंगरावांचा वर गेलेला हात तिथंच थांबला. मग त्यांना एकाएकी कुठलीशी बैठक आठवली. "आज्जी, चांगला मुहूर्त बघून येतो," म्हणाले आणि गाडीत बसले. मुहूर्त काही सापडला नाही, मुदत उलटली आणि कचेरीनं कुरकुरत जागा परत केली.

सिंधूची खानावळ बरी चालली. म्हातारीमुळं टाकी गेली म्हणून वस्तीनं तिला शिव्या घातल्या. मीही घातल्या. जशी काही टाकी येऊन दारात उभीच होती.

निवडणूक झाली, भुजंगराव आपटले. एके दुपारी खानावळीत येऊन बसले. समोरची भाकर तशीच ठेवून म्हणाले, "आज्जी, तुमचं ऐकून नारळ फोडला न्हाई. तरी पडलोच की."

मल्लम्मानं त्यांच्यापुढं अर्धा पेला पाणी ठेवलं.

"नारळानं पडले, असं म्या कवा म्हणलं? तिघातल्या एकानं बी पाणी आणलं न्हाई, म्हणून पडले. तुम्ही इचारलंच न्हाई."

भुजंगरावांनी पाणी पिऊन टाकलं. आणखी मागायची काही त्यांची हिंमत झाली नाही.