आखाजी ते आखाजी

जळगावच्या बंगल्यात पाऊल टाकल्या टाकल्या रत्नाबाईंचं डोकं फिरलं, ते भिंतीवरच्या तक्त्यामुळे.

त्यांच्या भाच्यानं, हितेंद्रनं, 'अभिमन समूहा'चा पसारा छापून काचेत बसवला होता. वर समूहाचं नाव, त्याखाली स्वतः हितेंद्रचं, आणि मग ओळीनं चौकोन. पाइपांचा कारखाना, डाळ मिल, बियाणं कंपनी, पहूरची केळीच्या रोपांची प्रयोगशाळा, सोनगीरची हायवेवरची गोदामं. मोजले तर अकरा. आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, कुणीतरी विसरून मग आठवल्यासारखा बारावा चौकोन: ताईबाई जिनिंग-प्रेसिंग, धुळे.

ती जिनिंग रत्नाबाई सव्वीस वर्षं चालवत होत्या. कापसाच्या धुळीनं त्यांचा आवाज घोगरा झाला होता आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात या दिवशी लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, आमरस-पुरणपोळी खाते आणि भावानं दिलेलं लुगडं घेऊन जाते. साठी उलटली तरी लेक ती लेकच. हितेंद्रनं हाच दिवस हेरला होता. आत्याला माहेरी बोलवायचं, मऊ करायचं आणि सही घ्यायची. तसा हुशार पोरगा. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही उगाच नाही.

चांदीच्या ताटात पैठणी आली, आणि पैठणीखाली फाइल.

"आत्या, फक्त तीन सह्या," हितेंद्र म्हणाला. शेजारी त्याची वकीलबाई चारुलता पेन काढून तयार होती. "जिनिंग मुंबईच्या नव्या कंपनीत विलीन करू. चार-सहा महिने चालणारं जुनं धूड ते. शहराच्या मधोमध पाच एकर जागा आहे, तिथं टॉवर उभे राहतील. तू आता आराम कर."

"आणि माझी माणसं?"

"बघू ना. देऊ काहीतरी."

'देऊ काहीतरी' ऐकून रत्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नव्वद माणसं होती तिथं, आणि त्यांतल्या निम्म्यांना हा पोरगा ओळखतही नव्हता.

खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ ज्ञानेश्वर बसला होता, हितेंद्रचा बाप. मार्गशीर्षात झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. पण घरात त्याला कुणी काही विचारत नव्हतं. त्याचा अंगठा कागदावर कधी टेकवायचा एवढंच आता उरलं होतं.

रत्नाबाई उठून तक्त्यासमोर गेल्या.

"हा उलटा लावलाय तू," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वकीलबाई, तुम्ही सांगा. या अकरा कंपन्यांचे मोठे हिस्से कुणाच्या नावावर आहेत?"

चारुलतानं हितेंद्रकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. पोरगी प्रामाणिक निघाली.

"ताईबाई जिनिंगच्या, मॅडम."

"हं. म्हणजे जिनिंग ज्याच्या हाती, अकराही त्याच्याच हाती. म्हणून हवीय ती. आणि म्हणे जुनं धूड!"

समूहाच्या कार्यक्रमांत भाषणं करणाऱ्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नाही, म्हणून इथं सांगायला हवी. रत्नाबाईंचे वडील अभिमन नाना सालदार होते. आखाजी ते आखाजी असं वर्षाच्या बोलीनं दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्याच धन्याची एकुलती एक लेक ताईबाई. तिनं सालदाराशी लग्न लावलं, तेव्हा सगळ्या गावानं बोटं मोडली. तिच्या वाट्याला धुळ्याच्या शिवारात पाच एकर जमीन आली, त्यावर जिनिंग उभी राहिली. नाव तिचं, आठ आणे हिस्सा तिचा, आठ आणे नानांचा. पुढे नानांनी जे जे काढलं, पाइप म्हणा, डाळ म्हणा, त्याचा नारळ आधी जिनिंगच्या नावानं फोडला. शेअर जिनिंगनंच घ्यायचे. लोक म्हणायचे, म्हातारा येडा आहे.

त्याहून येडा नेम पुढे होता. आखाजीला सालदाराचं साल संपतं. धन्याला हवा असेल तर नवी बोली होते, नसेल तर गडी आपली घोंगडी उचलून चालू लागतो. नाना दर आखाजीला बायकोपुढे हात जोडून उभे राहायचे. "कारखाना मना नही. मी कारखानाना सालदार शे," म्हणायचे. ताईबाई पानाचा विडा द्यायच्या, आणि मगच नाना खुर्चीत बसायचे. धुळ्याच्या वकिलानं हसत हसत तो नेम कंपनीच्या नियमांत लिहिला: जिनिंगच्या प्रत्येक संचालकाची मुदत आखाजीला संपेल, आणि दोन्ही आठ आण्यांनी होकार दिला तरच पुढचं साल मांडलं जाईल.

ताईबाईंचे आठ आणे मृत्युपत्रानं लेकीकडे आले. नानांचे ज्ञानेश्वरकडे, आणि ते अजून त्याच्याच नावावर होते. तीन आखाज्या हितेंद्रनंही विडा घेतला होता. घ्यायचा, हसायचा आणि गाडीत बसल्यावर खिडकीतून थुंकायचा. रत्नाबाईंनी ते जिनिंगच्या गच्चीवरून पाहिलं होतं. बोलल्या नव्हत्या.

आज त्यांनी पिशवीतून आईचा पितळी पानाचा डबा काढला आणि फाइलवर ठेवला.

"आता हे कशाला, आत्या?" हितेंद्र हसला. "ती जुनी रीत झाली. पुढच्या आठवड्यात ठरावाचा कागद पाठवतो."

"पुढच्या आठवड्यात तू कोण म्हणून पाठवणार?"

"म्हणजे?"

"बठ्ठा सालदार शेतस, हितेंद्र. मना बाप बी व्हता. तुनं साल आज सरनं." सगळेच सालदार, आणि हितेंद्रचं साल आज संपलं होतं.

हितेंद्रनं चारुलताकडे पाहिलं. तिनं पिशवीतून नियमांची प्रत काढली, पानं उलटली, एक ओळ बोटानं दोनदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं.

"सर, विलीनीकरणावर संचालकांची सही लागते," ती हळूच म्हणाली. "आणि आजपासून संचालक कुणीच नाही."

हितेंद्रचा चेहरा पडला. पण हार मानणारा तो नव्हता. तो बापाच्या खुर्चीशी जाऊन वाकला. "पप्पा, तुमचे आठ आणे माझ्या बाजूनं. आत्याचं आणि आपलं बरोबरीत अडलं तर कोर्टात बघून घेऊ. मान हलवा फक्त."

रत्नाबाईंनी भावाकडे पाहिलं. साठ वर्षांचा भाऊपणा एकीकडे, त्याच्या पोटचा पोरगा दुसरीकडे. ज्ञानेश्वरनं पोराला कधी 'नाही' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी पानाला चुना लावला. विडा बांधला, लवंग टोचली आणि डबा उघडाच भावाच्या मांडीवर ठेवला.

"भाऊ, मना विडा तठे शे. तुले ज्याले देवाना त्याले दे. पन कोना धाकमा दिऊ नको."

मागच्या अंगणात पोरीबाळी झोक्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. ज्ञानेश्वरचा डावा हात डब्याकडे सरकला. विडा एकदा निसटला. हितेंद्र उचलून द्यायला पुढे झाला, तर बापानं त्याचा हात झटकला. दुसऱ्यांदा विडा बोटांत आला. तो पोराच्या तोंडासमोरून गेला आणि बहिणीसमोर थांबला.

"ले..." जड जिभेनं ज्ञानेश्वर म्हणाला. "ले, रत्ना."

दोन्ही आठ आण्यांचा होकार झाला. रत्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. नाना उभे राहायचे तशा भावापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, विडा घेतला आणि तोंडात घातला.

हितेंद्र खाली मान घालून उभा होता. त्यालाही त्यांनी लहानपणी कापसाच्या ढिगावर खेळवलं होतं. पण आज दया दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

"उद्या धुळ्याला ये," त्या म्हणाल्या. "सकाळी सातला भोंगा होतो. मुकादमाच्या हाताखाली एक जागा आहे. आखाजी ते आखाजी. नीट राबलास तर पुढच्या साली तुझ्याही विड्याचं बघू."

पैठणी त्यांनी काखेत मारली, कारण ती भावाची होती. फाइल तिथंच राहू दिली.