एकतीस मार्चपर्यंत

शकुबाईला फोटो हवा होता, एवढंच लताबाईंनी फोनवर सांगितलं. "तिच्यापाशी दुसरा नाय, ताई. पोरीचा तेवढा एकच निघालेला." मग म्हणाल्या, "तुम्हीच आणून द्या. माझ्याच्यानं व्हायचं नाय."

म्हणून सुवर्णा गंगापूर रोडवरच्या घरातून निघाली, पिशवीत तो फोटो असलेला, अहवालाचा छापील कागद घेऊन. परदेशातल्या देणगीदारांना आरोग्याच्या कामाचे अहवाल लिहून देणं हा तिचा व्यवसाय. नाशकातली एक संस्था कमी वजनाच्या तान्ह्या बाळांसाठी घरोघर लताबाईंसारख्या बाया पाठवी, अडल्या वेळी जीप पाठवी. सुवर्णा त्याचं इंग्रजी पान करी. आकडे कुणीही लिहील. पण दर अहवालात एका आईची गोष्ट लागे, फोटोसकट, आणि ती सुवर्णासारखी कुणाला साधत नसे.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या तसा तिचा हात आपोआप पिशवीवर गेला.

मार्चात ती याच वाटेनं आली होती. झेंडूच्या वावराकडेचं घर. अठरा दिवसांची पोर शकुबाईनं पदराआड, छातीच्या उबेत बांधून घेतलेली. मुठीएवढं तोंड तेवढं बाहेर. बारसं झालेलं नव्हतं. "दोन किलो भरू द्या," सासू भागीबाई म्हणाली होती. "नाव ठेवलं की कुणालाबी हाक मारता येती. यमालाबी." आणि लताबाईंच्या वजनकाट्याची झोळी हलकेच झुलवत तिनं तिथल्या तिथे ओवी जुळवली होती:

पहिली माझी ओवी, वजनाच्या काट्याला
दोन किलो भर बाई, मग नाव तान्हुलीला

सगळ्याजणी हसल्या. हसता हसताच सुवर्णानं फोटो काढला.

अहवालात मात्र नावाची जागा रिकामी चालत नाही. तिनं 'दिशा' लिहिलं, शेजारी चांदणी टाकली, आणि नेहमीप्रमाणे तळाशी बारीक अक्षरात: नाव बदलले आहे. बदलायला मुळात नावच नव्हतं, हे तिच्या मनातही आलं नाही.

चार एप्रिलला पोर गेली. सहा तारखेला लताबाईंनी कळवलं. अहवाल बारा तारखेला जायचा होता. पान बदलू का, असं सुवर्णानं संस्थेच्या महेशसरांना विचारलं. विचारलं तरी होतं, असं ती नंतर स्वतःला कितीदा तरी सांगत राहिली.

"अहवाल कधीपर्यंतचा आहे?" ते म्हणाले.

"एकतीस मार्चपर्यंतचा."

"एकतीस मार्चला पोर होती ना? मग खोटं काय लिहिलंत तुम्ही?"

वाक्य तसंच राहिलं. दिशा आज सुखरूप आहे, तिचं वजन वाढतं आहे. देणगीदारांना ते पान इतकं आवडलं की त्यांनी ते जाड, गुळगुळीत कागदावर वेगळं छापून पाठवलं.

पण सुवर्णाला ठसठसत होती ती चार एप्रिल. त्या दिवशी ती संस्थेच्या जीपमधून मनमाडला चालली होती, पुढच्या अहवालासाठी दुसरी आई शोधायला. वाटेत ड्रायव्हर वाल्मीकचा फोन वाजला. "आज नाय जमायचं," तो म्हणाला. "गाडी मॅडमसंगं हाय." ती खिडकीबाहेर कांद्याची वावरं बघत होती. कुणाचा फोन, तिनं विचारलं नाही. इकडे शकुबाईच्या पोरीला फुलांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं, आणि टेम्पो मिळेपर्यंत दोन तास गेले.

सुवर्णा पोचली तेव्हा शकुबाई ओट्यावर झेंडूचे हार ओवत होती. "पोत्यावर बसा मॅडम, फरशी तापलीया."

"आता कुणाचं वजन करायला आल्या?" भागीबाईनं दारातूनच विचारलं.

सुवर्णानं कागद पुढे केला. शकुबाईनं हात लुगड्याला पुसले, तरी कडेला पिवळा डाग उमटलाच. बराच वेळ ती फोटोकडे बघत राहिली. मग भोवतालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "लयच लिवलंय. काय हाय यात?"

सुवर्णा मराठीत सांगू लागली आणि नावापाशी अडखळली.

"दिशा कोण?"

"तुमची मुलगी. मीच घातलं नाव. तिथं लागतंच."

"आन गाडी आली नाय, ते कुठशीक हाय?"

"ते नाही लिहिलं."

"ती गेली, ते?"

"तेही नाही. सुखरूप आहे, असं लिहिलंय."

"म्हंजी तिकडं परमुलखात आमची पोर जिती हाय," भागीबाई म्हणाली. "बरी सोय केली बाई."

सुवर्णा शकुबाईकडे वळली. "शकुबाई, त्या दिवशी गाडीत मी होते. मनमाडला. फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. कुणाचा आहे, एवढंही विचारलं नाही मी."

शकुबाईनं एक फूल सुईत घातलं, दोऱ्यावरून खाली सरकवलं. "ठावं हाय," ती म्हणाली. "वाल्मीक सांगून गेला, त्याला महिना झाला. म्हटलं बघू, तुम्ही सांगता का."

दोरा कापायची कात्री उचलून तिनं फोटोच्या कडेकडेनं सावकाश कापत नेलं, कान न दुखवता, टाळूवरचं जावळ न दुखवता. तुकडा पोलक्यात ठेवला आणि मधे भोक पडलेला कागद सुवर्णाच्या हातात दिला.

"फोटू माझा. लिवलेलं तुमचं, ते न्या."

सुवर्णा उठली. पायरीपाशी वळली. "मी खरं लिहून पाठवते. नाव... नाव राहू देऊ का तिचं?"

शकुबाईनं सासूकडे पाहिलं. भागीबाई झेंडूच्या ढिगाकडे बघत होती.

"ऱ्हाऊ द्या," शेवटी म्हातारीच म्हणाली. "आता कोण हाक मारून न्यायचंय तिला."

घरी पोचेपर्यंत आपला धीर टिकायचा नाही, हे सुवर्णाला पक्कं ठाऊक होतं. वावराच्या बांधावरच ती बसली आणि फोनवरच देणगीदारांना ईमेल लिहू लागली. दिशा चार एप्रिलला गेली. तिला दवाखान्यात न्यायची गाडी त्या दिवशी माझ्याकडे होती. सहा तारखेला मला हे कळलं होतं, तरी मी ते पान बदललं नाही.

सवयीनं तिनं नावाशेजारी चांदणी टाकली. मग ती खोडली, महेशसरांचा पत्ताही वर घातला आणि पत्र पाठवून दिलं.