शेवटचा रिबाउंड

मी छापखान्यात प्रुफं तपासते. चुका शोधायच्या, हेच माझं काम. बास्केटबॉल क्लबच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकाची प्रुफं फोरमननी माझ्या टेबलावर टाकली, तेव्हा त्यात माझे वडील भेटणार हे मला माहीत होतं. ते त्या क्लबकडून नऊ वर्षं व्यावसायिक सामने खेळले. उंचीमुळे सगळे त्यांना शिडी म्हणायचे. पुढे गुडघे गेले आणि ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागले.

चौतीस वर्षांपूर्वीची ती फायनल क्लबने एका गुणाने जिंकली होती. ७८–७७. त्या सामन्यात बाबांचे गुण होते दोन. घरात कोणी पाहुणा आला आणि खेळाचा विषय निघाला, की आमचे काका हटकून सांगायचे, "फायनलमध्ये दोन पॉइंट! तेही चुकून!" सगळे हसायचे, बाबाही हसायचे. लहानपणी मला त्या हसण्याचा राग यायचा, मोठी झाल्यावर त्याची सवय झाली.

पान बावन्नवर त्या सामन्याचा तक्ता होता. प्रत्येक खेळाडूची एक ओळ. मी पट्टी लावून वाचायला लागले. बाबा: मिनिटं चाळीस, म्हणजे एक क्षणही बाहेर बसले नव्हते. गुण दोन. रिबाउंड, म्हणजे चुकलेला नेम बोर्डावरून उसळल्यावर झेललेले चेंडू, वीस. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. वीसच. मग खालचा, समोरच्या संघाचा तक्ता वाचला. त्यांचा तोफ म्हणून ओळखला जाणारा खेळाडू, ज्याला अडवायची जबाबदारी बाबांवर होती, त्याने एकोणीस नेम मारले होते. बास्केटमध्ये गेले चार.

दोन पॉइंट म्हणे! मला काकांना तिथल्या तिथे फोन करावासा वाटला.

पण हाताला सवय असते. मी रिबाउंडच्या रकान्याची बेरीज केली, बेचाळीस आली. खाली एकूण छापलं होतं एक्केचाळीस. कुठेतरी एक जास्तीचा होता.

मी क्लबमधून मूळ स्कोअरशीट मागवली. पिवळा पडलेला कागद, निळ्या शाईचे आकडे. बाबांच्या ओळीत वीस लिहून खोडलं होतं आणि शेजारी लाल शाईने एकोणीस. टिचभर नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुटक्या खेळाडूच्या ओळीत शून्य खोडून एक केला होता. टायपिस्टने बाबांचा खोडलेला आकडा उचलला आणि टिचभरचा सुधारलेला.

पुस्तकातल्या विक्रमांच्या पानावर एका सामन्यात सर्वाधिक रिबाउंड एकोणीस असे होते, बाबांच्या आणि आणखी एका जुन्या खेळाडूच्या, अशा दोघांच्या नावावर. वीस धरले तर विक्रम एकट्या बाबांचा. माझं डोकं तापलं. सामना संपल्यावर लाल शाई कोणी आणि का चालवली? टिचभरचा शून्य परत केला असता तर बेरीजही जुळली असती. पेन माझ्याच हातात होतं.

शीटवर स्कोअररबाईंची सही होती. त्या निवृत्त होऊन बहिणीकडे राहत होत्या. दुपारची सुट्टी टाकून मी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून. त्यांनी चष्मा पुसला, कागद पाहिला आणि म्हणाल्या, "शिडीची मुलगी का तू? नाकावरून वाटलंच."

"हे खोडायला कोणी सांगितलं?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"तुझ्या बाबांनीच."

मी खुर्ची ओढून बसले.

"शेवटचे चार सेकंद होते," त्या सांगू लागल्या. "आपण एकाने पुढे. तोफेने नेम मारला, तो चुकला. गर्दीत मला फक्त शिडीचे हात दिसले, हातात चेंडू. मी लिहिलं वीस. शिट्टी झाली, सगळे नाचायला लागले. हा मात्र टॉवेल खांद्यावर टाकून, धापा टाकत माझ्या टेबलाशी. म्हणाला, ताई, शेवटचा माझा नाही. टिचभरने उडी मारून धरला, पडता पडता माझ्या हातात दिला."

"तुम्ही सांगितलंत का, की विक्रम होईल?"

"सांगितलं ना! तर म्हणतो, मग तर खोडाच. चार मिनिटं खेळायला मिळालं त्याला, ओळीत नुसते भोपळे आहेत. त्याचा एक तरी त्याला द्या." बाईंनी कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला. "पोरी, मी अठ्ठावीस वर्षं त्या टेबलावर बसले. आकडा वाढवा म्हणून भांडायला रांग लागायची. कमी करा म्हणून आलेला हा एकटाच. पंचांना विचारलं, त्यांनीही तेच पाहिलं होतं. मग मी लाल पेन काढलं."

संध्याकाळी घरी गेले तेव्हा बाबा गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून स्वयंपाकघरात मटार सोलत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. आईच्या हातातला झारा तसाच राहिला.

"अहो, चौतीस वर्षांत मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"त्यात काय सांगायचं? त्याचा होता, त्याला दिला." बाबांनी एक शेंग सोलली. "फाऊल किती लिहिलेत माझे?"

"चार."

"हां, मग तेवढं बरोबर आहे. पाचवा झाला असता तर बाहेरच बसावं लागलं असतं."

"आणि तोफ, बाबा? एकोणीसमध्ये चार?"

आता मात्र त्यांना हसू आवरेना. "एक त्यातला नशिबाने गेला," ते म्हणाले. "लिही पाहिजे तर."

आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रविवारी काकांना जेवायला बोलव. आणि तो कागद घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रूफ घेऊन फोरमनकडे गेले. यंत्रं सुरू झाली होती, ओरडूनच बोलावं लागत होतं.

"पान बावन्न! वीसचे एकोणीस करा!"

"कोणाचे?"

"माझ्या वडिलांचे!" मी म्हणाले, जरुरीपेक्षा बरंच मोठ्याने.