शरणम्माच्या पायाचा विमा

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि तूर बर्माहून. शिवारात दाणाच नाही, तर डाळमिल चालणार कशावर? म्हणून मिलमालक संगप्पानं ठरवलं, बर्मात जाऊन माल बघूनच सौदा करायचा. बघणार अर्थात त्याची धाकटी बहीण शरणम्मा. तूर तळहातावर घेतली की ओल किती, हे ती लगेच सांगे. डाव्या पायाला पोलिओ, त्यावर आधाराचा लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी. पण बाई मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, शिरल्या की हमाल वाट मोकळी करत.

तिची अट एकच होती. मागं हैदराबादला कॅलिपर तुटला आणि ती दोन दिवस लॉजवर अडकली. यंदा प्रवासाचा पक्का विमा झाला तरच जायचं.

एजंट किशनराव फॉर्म भरूनच घेऊन आले. "अक्का, सही तेवढी करा."

सही कसली करते! पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात. शरणम्मा नमुना काढायची सुई खुपसायची ती तळाला. फॉर्मही तिनं शेवटच्या पानावरून वाचायला घेतला. 'अपंगत्व : नाही.'

"हे कुणी सांगितलं?"

किशनरावांनी संगप्पाकडं पाहिलं. "म्या सांगितलं," संगप्पा पुटपुटला. "खरं लिवलं तर कंपनी न्हाई म्हणंल."

माया होती, पण सवय जुनीच. पाहुणे बघायला येत तेव्हाही तो तिला आधीच बसवून पायावर लुगडं पसरायचा. कळल्यावर पाहुणे चहा टाकून उठायचे.

"अण्णा, तवा निदान आपल्या घरात होते. परमुलखात पडले अन् कंपनी म्हणाली, बाई, तुम्ही खोटं लिवलं, तर?"

तिनं तो फॉर्म फाडला आणि नवा स्वतः भरला. पोलिओ, डावा पाय, कॅलिपर, कुबडी, सगळं. दोन कंपन्यांनी नकार दिला. "मग तिसरी बघा," ती किशनरावांना म्हणाली, जरासुद्धा न डगमगता. तिसरीनं डॉक्टरचा दाखला मागितला, पोलिओचे जुने उपचार वगळले. पण पडून हाड मोडलं किंवा कॅलिपर तुटला तर भरपाई देऊ, असं लेखी दिलं. मग सही झाली.

दुसऱ्या दिवशी संगप्पा विमान कंपनीला फोन लावून बसला. मिल चालू होती, हमाल पोती उचलत होते. तो खच्चून ओरडला, "माझ्या बहिणीच्या पायाला पोलिओ हाय! चाकाची खुर्ची लागंल, लिवून घ्या!"

सगळे वळून बघू लागले. शरणम्माला हसू आलं, आणि डोळे भरले ते तिनं पुसले नाहीत.