गुंजनचा सिद्धांत

सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा त्याचं बाहेरचं वातावरण कितीतरी जास्त तापलेलं असतं. प्लाझ्मातल्या लहरी ही उष्णता वर नेतात, हे सिद्ध करण्यात गुंजनची उमेदीची वर्षं गेली. नव्या उपग्रहाच्या नोंदींत मात्र त्या लहरी फारच दुबळ्या निघाल्या. हे जाहीर करावं की नाही, या घोळात ती करडीला, गावाकडच्या घरी आली.

"माझं म्हणणं चुकलं, बाबा," धानाच्या बांधावर ती म्हणाली.

"कोनं पकडलं?" खुशालरावांनी विचारलं.

"मीच."

"मंग तोंड पाडून काहून बसली? दुसऱ्यानं पकडलं असतं तं गोष्ट वेगळी होती. लिहून टाक."

त्याच दुपारी ओसरीवर बसून गुंजननं स्वतःचाच सिद्धांत खोडणारा, कच्चा लिहून ठेवलेला शोधनिबंध पुरा करून नियतकालिकाला पाठवून दिला. मग तिला जरा रितं वाटलं, आणि बऱ्याच दिवसांनी कडकडून भूकही लागली.