तळ्यातला निळा डाग

मित्रांनो, माझं रबरी कव्हर फाटलंय आणि पट्टाही तुटलाय, पण मला साधा कॅमेरा समजू नका. मी चेहरे टिपत नाही, उष्णता टिपतो. तापलेली जागा मला पिवळी-तांबडी दिसते आणि गार जागा निळी.

माझी उमेदीची वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात गेली. कुठली मोटार तापतेय हे मी आधीच दाखवायचो, तेव्हा कामगार माझं कौतुक करायचे. पुढे नवा कॅमेरा आला आणि मी कपाटात धूळ खात पडलो. तिथून सुलेखा मॅडमनी मला मागून नेलं. त्या शहरातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतात. डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी उन्हाळ्यात वरून किती तापतं, याचा त्या अभ्यास करत होत्या.

खुलताबादच्या पुढे डोंगरावर एक लहान तळं आहे. मार्चमध्ये आम्ही त्याच्या काठावर उभे होतो. सगळं पाणी पिवळं दिसत होतं, फक्त पलीकडच्या खडकापाशी एक निळा डाग होता. मॅडम आनंदाने ओरडल्याच, "झरा! इथं खालून गार पाणी येतंय!"

मेंढ्यांना पाणी पाजायला आलेल्या चतुराबाई जवळ आल्या. शेजारच्या मोसंबीच्या बागेतून रामेश्वरभाऊ आले. मॅडमनी दोघांनाही माझा पडदा दाखवला.

"म्हंजी या अंगाला जमिनीत पाणी हाय?" रामेश्वरभाऊंनी विचारलं.

"हो, भरपूर असणार," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, मी पाण्याचा फक्त वरचा पातळ थर पाहतो. खाली किती पाणी आहे, हे मला कळत नाही. मॅडमना ते ठाऊक होतं, पण आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या. आणि मी? मी तर खुशीत चमकत होतो.

मे महिन्यात परत गेलो, तर तळ्यात चिखल उरला होता. मेलेल्या माशांवर कावळे बसले होते. मॅडमनी मला खडकाकडे वळवलं. सगळीकडे तांबडं. खडकामागे रामेश्वरभाऊंच्या नव्या बोअरचं पाणी मोसंबीच्या आळ्यांत पडत होतं.

चतुराबाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमी फोटू काढला आन् आमचं पाणी गेलं. आता मेंढरं पार खाली न्यावी लागत्यात. दोन कोकरं वाटंतच मेली."

मॅडमनी मला खडकावरून खाली वळवलं. माझ्या पडद्यावर नुसता चिखल आला. मला वाटलं, डोळा मिटता आला असता तर बरं झालं असतं.

त्या तशाच बागेत गेल्या. रामेश्वरभाऊ चिडले. "माझी झाडं वाळत व्हती, मॅडम. जागा तुमीच दावली. म्या काय चोरी केली?"

"नाही भाऊ, चूक माझी आहे. पण मावशींच्या मेंढ्यांनी आता काय करायचं?"

त्यांनी खोऱ्यानं आळ्याचं तोंड बुजवलं. मग म्हणाले, "हौद बांधतो. आधी मेंढरं पितील, मंग झाडं."

त्यांनी शब्द पाळला. चतुराबाईंच्या मेंढ्या आता त्या हौदावर येतात. पण पुढच्या उन्हाळ्यातही निळा डाग उमटला नाही. मॅडम तिथे गेल्या की चतुराबाई पाणी देतात, खुशाली विचारतात, पण माझ्याकडे बोट करून म्हणतात, "त्याला पयले पिशवीत ठिवा." मी मुकाट्याने पिशवीत जातो. त्यांचं काय चुकलं?

मित्रांनो, उद्या तुमच्या हातीही माझ्यासारखी यंत्रं येतील. त्यांची काच जपा, ती पाण्यात पाडू नका. पण त्यांनी दाखवलेलं इतरांना दाखवण्याआधी क्षणभर थांबत जा.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका डोंगरातल्या तळ्यावर मला पुन्हा निळं दिसलं. माणसं गोळा झाली. "काय दिसलं, मॅडम?"

मॅडमनी माझा पडदा छातीशी धरला. "ते सांगतेच," त्या म्हणाल्या, "पण आधी मला सांगा, हे पाणी कोण कोण पितं?"

माणसं एकेक नाव सांगू लागली. नावं संपता संपत नव्हती.